पडावावरचं घर

"थांबा रे, फळी तडकली!"

मिलिसंटची आरोळी ऐकून घर सुटं करणाऱ्या पहारी जागच्या जागी थांबल्या. भिंतीची फळी खिळ्यापाशी उभी चिरली होती. वेरोना तान्ह्या मुलीला, मर्लला, कडेवर घेऊन मागे सरली.

"ठोका अजून खिळे!" मिलिसंट सुनेकडे वळली. "माझ्या सासूनं हे घर तीनदा हलवलं. खुंट्या काढल्या, भिंती गाडीवर टाकल्या, संध्याकाळी नव्या जागी चूल पेटली. आमच्या सूनबाईंना मात्र वादळाची भीती!"

ते खरंच होतं. या बेटावर, ब्रिजटाउन शहरात, घर आपलं असे, जमीन दुसऱ्याची. म्हणून घरं दगडांवर नुसती टेकलेली आणि लाकडी खुंट्यांवर जोडलेली. पण मर्ल पोटात असताना वादळ आलं, रात्रभर भिंती करकरल्या, आणि वेरोनानं नवऱ्याच्या मागे लागून सांध्यासांध्यात लांब खिळे मारून घेतले. तिचा नवरा सेल्विन आता लंडनला बस चालवत होता. खिळे इथेच होते.

सोमवारी इथून नव्या बंदराचा रस्ता निघणार होता. बंदरानं समुद्र बुजवला, समोरचं पेलिकन बेट गिळलं. आता किनाऱ्यावरच्या घरांची पाळी. उपसागराच्या पलीकडच्या टोकाला जागा मिळाली होती, पण घर सुटं होईना आणि अख्खं घर गल्लीतून निघेना. मर्लचा खोकला हटत नव्हता. हिला उघड्यावर कुठे निजवायची?

सासरा डार्नली पायरीवर बसला होता. लांब पाण्यात नांगरलेल्या बोटींवरून आपल्या रुंद, सपाट पडावात माल घ्यायचा आणि धक्क्यावर आणून टाकायचा, यातच त्याचा जन्म गेला. दुकानांचे खांब, शिवणयंत्रं, चर्चची घंटा... सगळं शहर त्याच्या पडावातून उतरलं होतं. आता बोटी थेट नव्या धक्क्याला लागणार. पडाव वाळूत पडून होता.

वेरोनाला मुलीला पाजताना खिडकीतून समुद्र बघायची सवय; सासऱ्याचा पडाव काय काय वाहून आणतो ते तिनं पाहिलं होतं. तिनं चाचरत विचारलं, "बाबा, साखर कारखान्याचा तो बॉयलर तुम्हीच आणलात ना?"

"मग? घराहून जड होता तो."

"मग घर का नाही न्यायचं?"

मग शेजारचा सीबर्ट खदखदून हसला. "डार्नली, सून घराला समुद्रावर फिरायला नेतेय!"

डार्नली मात्र हसला नाही. उठला, टोपी घातली आणि पडाववाल्यांना हाका मारत सुटला. सगळेच रिकामे होते, सगळे आले. ओंडक्यांवरून घर वाळूत ढकलत आणलं, भरतीच्या पाण्यात पडाव भिडवला आणि एका दमात घर वर चढलं.

"मी नाही उतरायची," मिलिसंट दारात ठाण मांडून म्हणाली. "माझं घर जाईल तिथे मी."

वेरोना मर्लला छातीशी घट्ट धरून आत बसली. वल्ही पडली. भर उपसागरात एका जाणाऱ्या आगबोटीची लाट आली, पडाव एका अंगावर कलला, छप्पर कण्हलं. वेरोनाची नजर सांध्यांवर खिळली. एक सांधासुद्धा उघडला नाही.

सासूनं भिंतीवरून हात फिरवला. "खुंट्यांवर असतं तर भिंती पोहत असत्या," ती पुटपुटली. मग जरा मोठ्यानं म्हणाली, "बरं ठोकलंयस हो, पोरी."

वाटेतल्या धक्क्यावर ही गर्दी जमली. हमाल गोणी टाकून धावले.

"मिलिसंटमावशी, कुठं निघालात?"

"प्रार्थनेला! घर एकटं कसं ठेवू?"

लोक हसले, शिट्ट्या झाल्या, टोप्या हवेत उडाल्या. एका बोटीनं लांबलचक भोंगा दिला. डार्नली सुकाणूवर ताठ उभा होता. त्यानं वळून पाहिलं नाही, पण टोपीला दोन बोटं लावली.

ऊन कलायच्या आत घर नव्या दगडांवर बसलं. मिलिसंटनं मक्याच्या पिठाचा कूकू घोटला, उडते मासे तळले, रमची बाटली फिरली. आत मर्ल झोपली होती.

ताटं उचलायला वेरोना बाहेर आली. पडावाचा ओला दोर वाळूवरून वर ओढून आणलेला होता आणि त्याचं टोक घराच्या पायरीच्या खांबाला बांधलेलं होतं. डार्नली गाठ आवळत होता.

"आता कुठे पळून जातंय का घर?" मिलिसंट आतून ओरडली.

"घर नाही गं, पडाव," तो म्हणाला, आणि गाठीवर हात ठेवून पाण्याकडे बघत बसला. वेरोनानं त्याचं ताट तसंच राहू दिलं.