कच्चा टाका

भावजयीनं अंगठ्यानं पीचची फोड दाबली, आणि अंगठा आरपार निघाला.

तिनं दुसरी दाबली. मग तिसरी. फ्रीजरमधून काढून काल वाडग्यात घालून खालच्या कप्प्यात ठेवलेल्या सगळ्या फोडी सैल होऊन आपल्याच गुलाबी पाण्यात लोळत होत्या. वास मात्र असा सुटला होता, की भर थंडीत उन्हाळा स्वयंपाकघरात येऊन बसावा. पण वासाला कुठं दात लागतात?

अडचण दातांचीच होती.

उन्हाळ्यात मागच्या अंगणातलं झाड फळांनी वाकलं, आणि त्याच आठवड्यात वन्संचे वरचे उरलेसुरले दात काढावे लागले. वन्सं म्हणजे तिच्या नवऱ्याची थोरली बहीण. पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवत आलेल्या. कात्री हाताशी असली तरी दोरा दातानंच तोडायच्या. ‘टक्’ झालं की घराला कळायचं, शिवण संपली, आता गाणं सुरू होणार. दात गेले आणि गाणंही गेलं. गिऱ्हाईक आलं की वन्सं तोंडावर हात धरून नुसती मान हलवायच्या. हसायच्या तर नाहीतच.

तेव्हा झाडाखाली उभ्या राहून त्या एवढंच म्हणाल्या होत्या, “कवळी बसली ना वहिनी, की पहिला घास या झाडाचा. कर्रकन आवाज आला पाहिजे.”

“राखून ठेवते,” भावजय म्हणाली होती.

आणि राखलंही. करकरीत, अर्धकच्ची फळं निवडून तिनं फोडी केल्या, लिंबू चोळलं, दोन पिशव्या भरल्या. सहा महिने त्या पिशव्यांच्या वाटेला कुणाला जाऊ दिलं नाही. नवऱ्यानं एकदा हात घातला, तर त्याला गोठलेल्या मटारच्या पुड्याचा फटका बसला. एकच गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. गोठलेलं फळ पुन्हा सैल झालं की गोडी परत येते, करकर येत नाही.

वन्सं सकाळीच दातांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. आता कुठल्याही क्षणी येतील.

तिनं दुसरी पिशवी काढून ताटात उपडी केली. फोडी दगडासारख्या खणखणल्या. एवढ्यात फाटक वाजलं. तिनं घाईनं ताटावर आणि वाडग्यावर एकच फडकं ओढलं.

वन्सं आल्या त्या ओठ घट्ट मिटून. खुर्चीत टेकल्या.

“नीट बसली का?”

मान हलली.

“दुखतंय?”

मान आडवी हलली.

“मग बोला की वन्सं.”

“काय बोलू? प्रत्येक ‘स’ला शीळ वाजतेय. बसमध्ये ‘सरका’ म्हटलं तर तिघं वळले. उतरल्यावर ‘सांभाळा’ म्हटलं तर एक कुत्रं मागं लागलं ते थेट फाटकापर्यंत.”

भावजयीनं गाल आतून चावला. हसली असती तर वन्संचा हात पुन्हा तोंडावर गेला असता.

“वास कसला येतोय गं?”

आता झाकून उपयोग नव्हता. तिनं फडकं काढलं. “माझं चुकलं, वन्सं. सहा महिने जपलं आणि लगदा करून बसले.”

वन्संनी वाडग्यात डोकावून पाहिलं. “हे मला तेव्हा द्यायचंस ना. तेव्हा दात नव्हते.”

मग त्यांची नजर ताटाकडे गेली. फोडींवर पांढरं दव धरलं होतं.

“आणि ह्या?”

“ह्या दगड आहेत अजून. थोड्या वेळानं ह्यांचाही लगदा.”

“थोडा वेळ म्हणजे किती?”

वन्संनी खुर्ची पुढं ओढली, बाह्या सारल्या आणि एक फोड चिमटीत धरून बोटांनी चाचपली, जसं गिऱ्हाइकाचं कापड चाचपतात.

“थांब. अजून कडक आहे.”

दोघी ताटावर वाकून बसल्या. फोडींवरचं दव पाणी झालं, पाणी काठाला जमलं. वन्सं फोडी उलटत राहिल्या. एकदा भावजय म्हणाली, “आता?” तर तिच्या बोटांवर चापट बसली.

“घाई करशील तर उसवेल,” वन्सं म्हणाल्या. मग जरा वेळानं, हळूच, “बघ. वरून सैल झालीय. आत नुसता कच्चा टाका राहिलाय. तो निघाला की संपलं.”

त्यांनी फोड दातांत धरली. क्षणभर डोळे मिटले.

कर्र.

दोघी हलल्या नाहीत.

“आला,” भावजय म्हणाली.

“फळाचा नाही गं, बर्फाचा आवाज आहे तो.”

“आला ना पण?”

वन्संना हसू फुटलं. पोटातून वर येताना त्याला शीळ लागली, आणि त्या शिळेनं भावजयीचं इतका वेळ दाबलेलं सगळं बाहेर पडलं. वन्संचा हात सवयीनं तोंडाकडे निघाला, निम्म्या वाटेत थबकला, आणि वळून ताटातली दुसरी फोड घेऊन आला.

दुपारी भावजय ओट्याशी उभी राहून वाडग्यातला लगदा चमच्यानं खात होती. डॉक्टरांनी आठवडाभर मऊच खायला सांगितलंय, आणि दोरा तर दातानं मुळीच तोडायचा नाही म्हणून बजावलंय, हे वन्संनी तिला ताट रिकामं झाल्यावर सांगितलं होतं.

पुढच्या खोलीत मशीन चालू झालं. बराच वेळ धडधडलं. थांबलं.

तिनं चमचा तोंडातच धरला.

टक्.

आणि सगळी गाणी सोडून वन्संनी नेमकं हेच गाणं धरलं,

*सुईच्या संगती गं, दोरा सरसर सरे*
*सई माझी सुखाची, शिवणीत ऊन भरे*

खिडकीबाहेर, रस्त्यानं जाणारं एक कुत्रं थबकलं आणि कान टवकारून फाटकाकडे बघत राहिलं.