ओळखवहीचा मालक सापडतो

मित्रांनो, मी एका जर्मन शिपायाची जुनी ओळखवही. दिसायला काही खास नाही. तळहाताएवढी, करड्या पुठ्ठ्याची, कडा झिजलेली, घामाने आणि ओलीने फुगलेली. लढाई संपून इतकी वर्षं झाली की माझ्यासारख्या वह्या आता लोक बाजारात मांडून विकतात. काही भली माणसं मात्र आमच्या मालकांचा माग काढत फिरतात. माझ्याही मालकाचा माग लागला. तो कसा लागला आणि पुढे काय झालं, ते सांगते.

छापखान्यातून निघाले तेव्हा मी कोरी होते. नाव मिळालं ते बराकीत. तिथल्या कारकुनाने माझ्यावर लिहिलं, एवाल्ड ब्रूनिंग. धंदा सुतारकी. मग उंची, केसांचा रंग, रक्तगट, बुटाचं माप. बापाचं नाव आणि वेस्टफालियातल्या घराचा पत्ता. शेवटी फोटो डकवला आणि वर शिक्का हाणला. एक माणूस या जगात आहे याचा पुरावा झाले मी. मला मोठा अभिमान वाटला.

एवाल्डची नेमणूक जर्मनांनी जिंकलेल्या नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर, तोफखान्यात झाली. तिथे लढाई फारशी नव्हती. वारा होता, अंधार होता आणि कंटाळा होता. गावात रागना नावाची एक मुलगी बापाच्या होडीघरात बसून जाळी सांधायची. एकदा वादळात होडीघराचं दार निखळलं, ते एवाल्डने बसवून दिलं. मग बिजागरी घट्ट करायला तो पुन्हा आला. मग पुन्हा. बिजागरीला काही झालेलं नव्हतं. मी त्याच्या छातीपाशीच असायचे, त्यामुळे खरं काय ते मला कळत होतं.

एकोणीसशे पंचेचाळीसच्या मे महिन्यात जर्मनी हरली. शिपायांना छावणीत हलवायचं ठरलं. निघायच्या सकाळी एवाल्डने मला खिशातून काढलं आणि रागनाच्या हातात ठेवलं.

"ही सांभाळ. हिच्याशिवाय मला कुणी ओळखणार नाही. म्हणजे मला परत यावंच लागेल."

"आणि नाही आलास तर?"

"वेडी आहेस का? सुतार कधी काम अर्धं टाकतो?"

रागना हसली. तिला दिवस गेले होते, आणि ते त्याला माहीत होतं.

त्या शरद ऋतूत मुलगी झाली. तिचं नाव सिन्नोव. रागनाच्या बापाने दोघींना घराबाहेर काढलं नाही, पण मरेपर्यंत त्या पोरीला नावाने हाक मारली नाही. गावाने तेवढीही माया दाखवली नाही. दुकानात मायलेकी शिरल्या की कुणीतरी मोठ्याने म्हणायचं, "सरका, सरका! जर्मनाची पोर आली. सलाम ठोका, नाहीतर तोफ डागेल!" सगळे हसायचे. रागना मीठ-पीठ घेऊन मान खाली घालून घरी यायची.

मला तिने लोकरीच्या पेटीत, मोज्यांच्या खाली दडवलं होतं. पहिली काही वर्षं ती मला अधूनमधून बाहेर काढायची. माझ्यातला पत्ता बघून पाकिटावर एकेक अक्षर जपून उतरवायची. जर्मन तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ओठ हलवत हलवत लिहायची. मग टपालाची बोट यायच्या दिवशी धक्क्यावर जायची. परत आली की पेटी उघडायची नाही. त्यावरूनच मला समजायचं, उत्तर आलेलं नाही. एका हिवाळ्यानंतर तिने मला बाहेर काढणं बंद केलं. मी लोकरीच्या वासात पडून राहिले, आणि माझ्या पानांना बुरशी धरू लागली.

सिन्नोवचं लग्न ठरलं तेव्हा ती आईसमोर एक कागद घेऊन बसली.

"आई, बापाच्या नावापुढे काय लिहू? का याही वेळी रेघच ओढू?"

रागना उठली, पेटीपाशी गेली आणि मला तिच्या पुढ्यात ठेवून स्वयंपाकघरात निघून गेली. सिन्नोवने मला खिडकीपाशी नेलं. फोटोकडे बघायचा तिला धीर झाला नसावा. ती आधी बारीकसारीक नोंदीच वाचत सुटली.

"आई गं! बुटाचं माप बघितलंस? म्हणजे माझे हे फताडे पाय यांचे होय? आणि मी आजवर आजोबांना नावं ठेवत होते!"

आतून रागनाचं हसू ऐकू आलं. मग दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. त्या घरात असं हसू मी एकदाच ऐकलं.

"मी शोधू त्यांना?" सिन्नोवने विचारलं.

रागनाने डोळे पुसले. "माझ्या हयातीत नको, पोरी."

"पण का?"

"नको म्हटलं ना."

का नको, ते मला माहीत होतं. उत्तर न आलेली ती पत्रं माझ्यासमोरच लिहिली गेली होती. पण मला तोंड नव्हतं.

रागना म्हातारी होण्याआधीच गेली. सिन्नोवने मग बर्लिनला, जुन्या शिपायांच्या नोंदी ठेवणाऱ्या कचेरीला लिहिलं. तो मेला असणार, अशी तिची खात्री होती. "जिवंत असता तर आला नसता का?" असं ती नवऱ्याला म्हणायची. कबर सापडली तर तिथली चिमूटभर माती आणून आईच्या कबरीवर घालावी, एवढीच तिची इच्छा होती. फार महिन्यांनी उत्तर आलं. एवाल्ड ब्रूनिंग हयात होते. पत्ताही तोच, माझ्यात लिहिलेला. सिन्नोव ते उत्तर आणि माझं पान शेजारी ठेवून कितीतरी वेळ बघत राहिली. मग अंगणात गेली आणि गरज नसताना लाकडं फोडत बसली.

उन्हाळ्यात ती मला घेऊन जर्मनीला गेली. दार एवाल्डच्या बायकोने, हेडविगने उघडलं. सिन्नोवच्या मोडक्या जर्मनमधून एवढंच कळलं, की नॉर्वेहून कुणी बाई नवऱ्याची लढाईतली वही परत द्यायला आली आहे. हेडविगला केवढा आनंद झाला! तिने कॉफी केली, आलुबुखाराचा केक कापला आणि अंगणाकडे तोंड करून हाक मारली, "एवाल्ड! अरे, हातातलं टाक आणि आधी इकडे ये!"

तो आला. बाह्यांवर भुसा होता. मला बघताच तो दारातच थबकला.

"बघ तरी, कसला देखणा होतास!" हेडविग फोटो बघत म्हणाली. "आणि ही सापडली कुठे हो तुम्हाला?"

"माझ्या आईकडे होती," सिन्नोव म्हणाली. ती त्याच्याकडेच बघत होती. "रागनाकडे."

"रागना कोण?"

एवाल्डने खुर्ची ओढली. "होती एक बाई. आमचे कपडे धुवायची. एखाद्या सदऱ्यात राहिली असेल."

सिन्नोवचा कप हातातच राहिला. सगळं सांगून टाकायला ती आली होती. पण समोर हेडविग तिच्या ताटलीत केकचा आणखी एक तुकडा वाढत होती. सिन्नोवने तो मुकाट्याने खाल्ला.

फाटकापर्यंत एवाल्ड तिला पोचवायला आला. मी त्याच्या हातात होते.

"पत्रं मिळाली होती," तो हळूच म्हणाला.

"कसली पत्रं?"

तिला ठाऊक नाही, हे त्याला तेव्हा कळलं. "तुमच्या आईची. इथे बॉम्बने घर पडलं होतं, बाप अंथरुणाला खिळलेला, हेडविगशी लग्न आधीच ठरलेलं. मी काय लिहिणार होतो?"

"काहीही. 'येत नाही' एवढं तरी." सिन्नोव म्हणाली. "बोट आली की ती धक्क्यावर जायची. मला वाटायचं, पीठ आणायला जाते."

तो अंगठ्याने माझ्या झिजलेल्या कडा चाचपत राहिला.

"ती वही मला द्या. तुम्हा दोघांचं म्हणून माझ्याकडे दुसरं काहीच नाही."

त्याने मागे वळून बघितलं. खिडकीत हेडविग उभी होती. "तिला काय सांगू?" असं पुटपुटत त्याने मला कोटाच्या खिशात सारलं. फाटकाची कडी वाजली. सिन्नोव रडली की नाही, मला दिसलं नाही.

आत हेडविग कपबशा उचलत होती. वर न बघताच ती म्हणाली, "त्या धोबिणीच्या मुलीचं कपाळ अगदी तुझ्यासारखं आहे, एवाल्ड." त्याने कोट खुंटीला अडकवला, आणि तिने पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आता एवाल्डही नाही. मी त्याच्या कामाच्या खोलीत, पॉलिशपेपरच्या चळतीखाली पडून आहे. मित्रांनो, लोक म्हणतील, छान झालं, वही मालकाकडे पोचली. मी आयुष्यभर तेच मागत होते, आणि आज मला त्याचा जराही आनंद नाही.

म्हणून एवढंच सांगते. कुणी तुमच्या उत्तराची वाट बघत असेल, तर त्याला उत्तर द्या. कडू असलं तरी द्या. 'नाही' ऐकलं की माणूस रडतो, मग डोळे पुसतो आणि चुलीकडे वळतो. उत्तरच आलं नाही, तर त्या बिचाऱ्याने रडायचं तरी कोणत्या दिवशी?