बुढी हूं म्हणाली

दारव्ह्याच्या जीप स्टँडवर जेवढ्या गाड्यांच्या काचांवर नावं चिकटलेली दिसतील, त्यातली निम्मी कमरुन्निसा चाचीनं कापलेली आहेत. चाचीचं रेडियमचं दुकान आहे. रंगीत चिकट कागदातून अक्षरं कापणारी तिची मशीन माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी, म्हणून सगळा स्टँड तिला बुढी म्हणतो. शाळा सुटली की मी तिथंच बसते. माझ्या बाची जीप बारा माणसं भरल्याशिवाय हलत नाही, आणि बारावं माणूस नेहमी कुठंतरी चहा पीत असतं.

दिवाळीनंतर चाचीचा कॉम्प्युटर बंद पडला. तिच्या मुलानं, अफरोजभाईनं, नवा आणला. नव्यानं बुढीला ओळखच दाखवली नाही.

कॉम्प्युटर आणि मशीन यांच्यामध्ये ड्रायव्हर नावाचा एक प्रोग्राम लागतो, दोघांची बोली जाणणारा. आमच्या तांड्यात, म्हणजे वस्तीत, हे काम मी करते. बँकेतला साहेब मराठीत विचारतो, म्हातारी रामीबाई आमच्या गोरबोलीत उत्तर देते आणि मधी मी. साहेब खेकसतो तेवढं मी गाळते. तर कंपनीनं नवा ड्रायव्हर काढला होता आणि त्याच्या यादीत बुढीचं नावच नव्हतं.

अफरोजभाईनं कंपनीला फोन लावला. चाचीलाही ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"सर, ते मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही," फोनवरचा मुलगा म्हणाला.

"बिघाड काय आहे तिच्यात?"

"बिघाड काहीच नाही सर. वय झालंय."

चाची पुढं वाकली. "बेटा, तुहं वय काय?"

"सत्तावीस, मॅडम."

"मंग तुहेबी जास्त दिवस नाई उरले."

तो म्हणाला, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?

फोन ठेवल्यावर अफरोजभाई गोड आवाजात बोलायला लागला. तो गोड बोलला की समजायचं, सगळं आधीच ठरलंय. "अम्मी, बुढीले भंगारात देऊ. नवी मशीन आणतो, तिच्यावर मी बसतो. तू आता घरी आराम कर."

"आराम म्हंजे काय कराचं असते?"

"काही नाई कराचं."

"ते मले येत नाई," चाची म्हणाली. मग तिनं खुर्चीचा हात धरला, कोणी आत्ताच ओढून नेतंय असा. एकोणीस वर्षं ती त्या खुर्चीवर बसते.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी चालवून दाखवते बुढीले."

मागच्या वर्षीची मी असते तर असं बोलले नसते. पण मागच्या वर्षीची मी काही कामाची नव्हतेच, कॉम्प्युटरची भाषा यंदाच शिकले. अफरोजभाई हसला. ठरलं असं की बाजाराच्या दिवसापर्यंत बुढीनं एक अख्खं नाव कापलं तर ती राहील आणि चाचीही राहील. नाही कापलं, तर बुढी भंगारवाल्याकडं आणि चाची घरी.

पहिल्या दिवशी मी ड्रायव्हरच्या यादीतलं एक जवळचं नाव निवडलं आणि कॉम्प्युटरला खोटंच सांगितलं की ही तीच मशीन. एवढं खोटं तर जनगणनेतही चालतं. बाच्या जीपसाठी आमच्या संताचं नाव टाकलं, 'जय सेवालाल'. बुढी खरंच हलली. 'जय सेवा' तिनं असं कापलं की चाचीनं दुपट्टा डोळ्यांना लावला. आणि मग सुरी सरळ धावत सुटली आणि कागद या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडून थांबली.

"पाह्य, डोकं गेलं तिचं," अफरोजभाई म्हणाला.

बानं दारातून डोकावून उरलेलं वाचलं. "जय सेवा बी चाललं असतं. पण लोकं समजतीन फुकट नेतो."

तीनदा केलं. तिन्हीदा बुढी 'सेवा'पाशीच भरकटली. चाचीनं फाटके कागद नीट घडी करून खुर्चीखाली ठेवले. मला तेच जास्त लागलं.

संध्याकाळी तांड्यात रामीबाई गोष्ट सांगत होती. आमच्याकडं गोष्टीचा एक नियम आहे. ऐकणाऱ्यानं दर वाक्याला हूं म्हणायचं. हूं आलं नाही तर पुढचं वाक्य मिळत नाही. शेजारची प्रेरणा मोबाईलमध्ये घुसली होती. रामीबाई राजाच्या बैलाला नदीच्या मधोमध उभं करून गप्प बसली. प्रेरणानं वर पाहिलं तेव्हा रामीबाई म्हणाली, तू मागं राहिलीस, मी एकटी पुढं जाऊन काय करू?

बुढीही अशीच मागं राहत असेल, या विचारानं मी जेवत्या ताटावरून उठले तशीच. पण सकाळपर्यंत जीप नव्हती, म्हणून परत बसून जेवले.

दुसऱ्या दिवशी चाचीला आणि अफरोजभाईला रामीबाईचा नियम सांगितला आणि चाचीच्या खणातून बुढीचं पिवळं पडलेलं पुस्तक काढलं. त्यात लिहिलेलंच होतं. बुढीचं पोट, म्हणजे आलेली अक्षरं साठवायची जागा, लहान. दोन घास घेतले की ती थांब म्हणते, गिळून झालं की चल म्हणते. म्हणजे बुढी इतके दिवस हूं म्हणून राह्यली होती, ऐकायलाच कोणी नव्हतं. नवा ड्रायव्हर अख्खी गोष्ट एका दमात सांगून मोकळा व्हायचा आणि ती बिचारी मधल्या कुठल्यातरी शब्दावर हवेत लटकायची. तो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांच्या टेबलावर कालच आलेली मशीन असणार, सगळं एका घोटात पिणारी. त्यांना हूं कायले लागते?

शाळेत शिकवलेल्या पायथन नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत मी चाळीस ओळींचा ड्रायव्हर लिहिला. एकोणचाळीस ओळी बोलायच्या, आणि एक ओळ गप्प बसून बुढीचं हूं ऐकायची. ती एकच लिहायला दोन दिवस गेले.

बाजाराच्या दिवशी भंगारवाला रामलाल हातगाडी घेऊन दारातच उभा. बुढीनं 'ज' कापला आणि थांबली. अफरोजभाईनं माझ्याकडं पाहिलं. मी काही केलं नाही. बुढी चालू झाली. 'य'. पुन्हा थांबली. 'सेवा' आलं, आणि ती इतकी थांबली की रामलालनं गाडीचा दांडा हातात धरला. मग 'ला'. मग 'ल'.

चाचीनं खुर्चीवरचा हात काढला तेव्हा तिच्या तळव्यावर वळ उठले होते.

"पण चौदा मिनिटं लागली, अम्मी," अफरोजभाई म्हणाला. "नवी मशीन एका मिनिटात करते."

"तुले चालाले दीड साल लागलं होतं," चाची म्हणाली. "मी म्हटलं का, दुसरा आणू?"

रामलालनं रिकामी गाडी वळवली. जाता जाता त्यानं विचारलं की हातगाडीवर नाव टाकायला किती वेळ लागेल.

चाचीनं एक स्टूल ओढून खुर्चीच्या शेजारी ठेवलं, खुर्चीपेक्षा वीतभर ठेंगणं, आणि अफरोजभाईच्या हातात चिमटा दिला. "बस. अक्षराच्या पोटातला कागद काढ. जपून काढ."

अफरोजभाई बसला. त्यानं चिमटा धरला. चाची मात्र पुढचं काही सांगेना, नुसती त्याच्याकडं पाहत राहिली.

"हूं," अफरोजभाई म्हणाला.

"आता 'जय'पासून सुरू कर," चाची म्हणाली.