धरणाच्या मातीचं गाणं

चौऱ्याहत्तर साली, बाजाराच्या दिवशी, कळमनुरीत शंकरसिंगच्या शिंदीखान्यात संध्याकाळी दोन गायन पार्ट्या लागल्या होत्या. एक औंढ्याच्या सोनाजीची, दुसरी माझी. माझी म्हणजे एक पेटी, एक ढोलकी, दोन कोरसवाले आणि माझा गळा. त्या गळ्याचा मला भारी माज होता. गाणी मात्र माझी बायको करायची, पंचफुला. हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि मीही कुणाला सांगायला गेलो नव्हतो.

आमच्यात गाणं ज्यानं केलं त्याचं नाव शेवटच्या कडव्यात येतं. आजवरच्या तिच्या सगळ्या गाण्यांत मी माझं नाव घालत आलो होतो. ती कधी बोलली नव्हती. पण सिद्धेश्वरच्या धरणावर तिनं दोन वर्षं माती वाहिली होती आणि त्या संध्याकाळी गायचं नवं गाणं त्या मातीचं होतं. मी तिथं झाडाखाली बसून मुकादमाची हजेरी लिहायचो.

"ह्या एका गाण्यात माझं नाव राहू द्या," सकाळी ती म्हणाली. "बाकीची तुमाला."

"बराबर," मी म्हणालो. "राहील."

सोनाजीनं आधी गाऊन चांगला रंग भरला. मग मी उठलो. अंगणात एकीकडं बाप्ये, दुसरीकडं बाजाराची गाठोडी घेऊन बाया. पंचफुला त्यांच्यात पुढंच बसली होती.

'डोईवर माती, पाटीला भोक
पाणी पिऊन गेले भलतेच लोक'

पहिल्याच ओळीला हातातली शिंदी हातातच राहिली. शेवटचं कडवं आलं, 'पंचफुला म्हणे, ऐका गं बाया, घामाचा माझ्या धरणाला पाया.' आणि मला वाटलं, आता हे सगळे हसतील. बायकोच्या जिवावर गातो म्हणतील. मी गायलो, 'जळबाऽऽ म्हणे'. सावलीत बसून हजेरी लिहिणारा मी, आणि म्हणे घामाचा माझ्या! टाळ्या मात्र कडकडून पडल्या. बायांकडं बघायची माझी छाती झाली नाही.

सोनाजी जवळ आला. जाणता माणूस.

"गाणं एक नंबर, जळबादादा. पण नाव काहून ओढून राहिले? तिथं चार अक्षरांचं नाव पायजे."

"घसा बसला जरा," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडं नुसतं पाहिलं. त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात शंकरसिंग ओरडला, "फिर से! वही गाना!" माझ्या जिवात जीव आला. ठरवलं, आता कुणी हसो की थुंको, तिचं नाव घ्यायचं. गाणं पुन्हा सुरू केलं. एकेक कडवं मागं पडत गेलं, तसा मला धीर आला. शेवटच्या कडव्याला मी तिच्याकडं पाहिलं आणि श्वास घेतला.

मी तोंड उघडायच्या आत अख्खं अंगण गायला लागलं. 'जळबाऽऽ म्हणे, ऐका गं बाया!' एकदा ऐकून लोकांना पाठ झालं होतं. बायाही गात होत्या. त्यांच्यात पंचफुलाही गात होती, माझ्याकडं बघत, नाव मी ओढलं होतं तेवढंच ओढून. राहिलेली ओळ लोकांनीच पुरी केली.