पाटीवरचा आडवा र

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये सगळ्या मशीनवर लिनक्स आहे आणि त्यांची देखभाल माझ्याकडे. म्हणून पाटीचा मजकूर करायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच हौसेने ओढून घेतलं. माझा दादा कॉलेजच्याच मेसमध्ये आचारी. मेसला आग लागली तेव्हा तो आणि त्याचा जोडीदार आचारी अडकलेल्या मुलांसाठी पुन्हा आत शिरले. मुलं वाचली. दादा हात भाजून घेऊन बाहेर आला. जोडीदार आलाच नाही.

मेसच्या दारावर पितळी पाटी लावायचं ठरलं. दादाचं म्हणणं एवढंच, की नावंबिवं नकोत, पण आचारी हा शब्द आला पाहिजे. मी टाइप केलं: ‘आगीत धावून गेलेल्या आचाऱ्यांना, कृतज्ञतापूर्वक.’

तिथेच थांबायचं ना बाई! पण नाही. मशीनमधला फॉन्ट मला थकबाकीच्या नोटिशीसारखा वाटायला लागला. मग मी एक वळणदार फॉन्ट उतरवून घेतला, माझ्या होम फोल्डरातल्या फॉन्टच्या लपलेल्या फोल्डरात टाकला, टर्मिनल उघडून फॉन्टची यादी ताजी केली आणि मजकुराला तो लावला. अक्षरं अशी नटूनथटून आली की मी ‘कृ’च्या शेपटीकडेच बघत बसले. दादा म्हणाला, पाठवण्याआधी एकदा नीट वाच हं. मी फणकारले, आता तू मला वाचायला शिकवणार का? आणि फाइल खोदकामवाल्याला धाडून दिली.

पाटीवरचं कापड निघालं आणि प्राचार्यांनी मजकूर खणखणीत आवाजात वाचला. “आगीत धावून गेलेल्या आचार्यांना, कृतज्ञतापूर्वक.”

त्या नटव्या फॉन्टला आपला तो आडवा र, ‘य’ला बिलगून बसणारा, ठाऊकच नव्हता. त्याने तो उचलून ‘य’च्या डोक्यावर रफार करून ठेवला होता. आचारी गेले आणि आचार्य आले. आगीच्या दिवशी मेसच्या आसपाससुद्धा नसलेले प्राध्यापक पहिल्या रांगेत टाळ्या वाजवत होते, आणि त्यांचाही बिचाऱ्यांचा काही दोष नव्हता.

जोडीदाराची बायको, आमच्या वहिनी, पाटीपाशी गेल्या. त्यांनी ती मनातल्या मनात दोनदा वाचली असावी, कारण ओठ हलताना दिसले.

“यात आमचं माणूस कुठाय?” त्यांनी विचारलं.

टाळ्या थांबल्या. मी तोंड उघडायच्या आत दादा पुढे झाला.

“मजकूर मी लिहून दिला होता, वहिनी. माझंच चुकलं. मला कुठे शुद्ध लिहिता येतं?”

सांगायला लाज वाटते, पण मला क्षणभर हायसं वाटलं. नोकरी वाचली, चारचौघांत शोभा टळली, असं काहीबाही डोक्यात येऊन गेलं. मग दादाचे हात दिसले. त्याला नमस्कार करायचा होता आणि आखडलेली बोटं काही केल्या जुळत नव्हती. माझा मला इतका राग आला की डोळ्यांपुढे पाटीच दिसेना.

“दादा खोटं बोलतोय,” मी म्हणाले. “त्याने बरोबर सांगितलं होतं. त्याने वाच म्हटलं, तर मी वाचलंसुद्धा नाही.”

वहिनी रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मला हाताला धरून पाटीसमोर उभं केलं.

“मग आता वाच,” त्या म्हणाल्या. “जसं हवं होतं तसं.”

मी वाचायला लागले. ‘आचाऱ्यांना’पाशी अडखळले. वहिनींनी मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं.