डोहावर थांबणारं इंजन

घाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. बाजाराचा दिवस असूनही कोणाच्या डोक्यावर टोपली नव्हती. धानाची कापणी अर्धी टाकून माणसं वैनगंगेवर आली होती. आज डोहबाबा नदीतलं भूत काढणार होते. कोणी हात जोडून उभं होतं, कोणी लेकरू खांद्यावर घेतलं होतं, आणि एकजण फुटाणे विकत होता.

ज्या बाईपायी हे सगळं चाललं होतं ती पंचफुला डोंग्यात, इंजनाजवळ बसली होती. हात लाल दोऱ्यानं बांधलेले. कमरेला दोर, आणि दोराच्या दुसऱ्या टोकाला घरचाच पाटा. तिला पोहता येत नव्हतं. पायाखालच्या फळीतून नदी हलताना कळत होती.

“सात बुडी!” बाबा घाटाकडे पाहून गरजले. “बाई उपर आयी तो पवित्र! नहीं आयी तो भूत उसको ले गया, गाव छूटा!”

“जय हो!” घाट म्हणाला.

म्हणजे दोन्हीकडून बाबाच खरे. पण एवढा विचार त्या दिवशी कोणी केला नाही.

गोष्ट अठ्ठ्याहत्तर सालची. गावचा डोंगा आधी वल्ह्यांवर चाले, वारा असला की शिडावर. त्याच डोंग्यातून पंचफुलाचा नवरा भोजराज दोन वर्षांमागे वरच्या डोहात बुडाला आणि तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं. मग गावानं डोंग्याला लहानसं डिझेल इंजन बसवलं. दसऱ्याला बाबांच्या हातून त्याची पूजा झाली. टाकीच्या झाकणापासून खालपर्यंत शेंदूर लागला, आणि त्याच आठवड्यापासून इंजन डोहावर बंद पडू लागलं. बाजाराला वर जाताना दर खेपेला. येताना कधीच नाही.

“जातानाच भोजराज गेला ना जी,” लोक म्हणत, आणि अंगावर काटा येई.

इंजन चालवणारा टेकचंद हुशार गडी. डिझेलमध्ये पाणी आलं असेल म्हणून त्यानं टाकीच्या तळाची तोटी सोडून पाहिली, पाणी नव्हतं. फिल्टर रॉकेलनं धुतला. नळीत हवा धरली असेल म्हणून नट ढिला करून बुडबुडे संपेपर्यंत डिझेल वाहू दिलं. मग घाटावर पाच मिनिटं इंजन चालवून पाही. ते खडखडीत चाले. डोहावर गेलं की पुन्हा तेच. शेवटी त्यानंही हात टेकले. दर खेपेला डोंग्यात असणारे बाबा मात्र मंत्र म्हणत, झाकण उघडून भुताला तेलाचे चार थेंब पाजत, झाकण लावून वर ताजा शेंदूर थापत, आणि इंजन सुरू होई.

मागच्या सोमवारी बाबांनी निकाल दिला, की नवरा बायकोला मागून राहिला आहे. पंचफुलाचे हात बांधले ते तिच्या सासूनं, शकुनबाईनं. बांधताना म्हातारी रडत होती.

डोंगा निघाला. बाबा, टेकचंद, पाटील मारोतराव, शकुनबाई आणि पाच-सहा गडी. नवरा गेल्यापासून पंचफुला डोंग्यात चढली नव्हती. काठ मागे सरकत गेला तशी ती फळीला पाय रोवून बसली. पाणी काळं झालं. डोह आला. इंजन दोनदा उचकलं.

फट... फट... आणि थांबलं.

“आला माहा भोजराज!” शकुनबाईनं हंबरडा फोडला.

“शांत! शांत! भोजराज, मैं आ गया हूं!” बाबांनी चिमटा वाजवला. “ह्रीं फट्! क्लीं फट्! प्यास लगी है क्या, बेटा?” त्यांनी झाकण फिरवलं. टाकीतून लांब आवाज आला, सुऽऽस.

“सुना? भूत श्वास घेऊन राहिलं!”

गडी एकमेकांना धरून बसले. पंचफुलाचेही दात वाजू लागले. पण तिचे कान भ्याले नाहीत. तो आवाज ती रोज ऐकत होती. ती गावात जवसाचं तेल विकायची. डब्याला एकच भोक पाडलं की तेल थोडं येतं, मग अडतं. दुसरं भोक पाडलं की डबा अस्साच श्वास ओढतो.

बाबांनी झाकण आवळलं, वर शेंदूर थापला, आणि पाट्याकडे हात केला. “उठाओ.”

“थांबा!” तिचा आवाज चिरकला. “टेकचंदभाऊ, मले बुडवायच्या आधी हँडल मारा. एक डाव.”

“खबरदार! इंजन भुताच्या हातात आहे!”

“भुताच्या हातात असन तर नाही चालणार जी. मंग मले टाका. मी नाही म्हणत नाही.”

गडी पाटलाकडे पाहू लागले. मारोतराव खाकरले. “मार गा, टेकचंद.”

टेकचंदनं हँडल मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजन फटफटू लागलं. पंचफुला अजून कोरडीच होती, एकही बुडी झाली नव्हती.

“हमारे तेल से भूत खूश हुआ,” बाबा झटकन म्हणाले. “पण परत धरेल!”

“धरेलच,” पंचफुला म्हणाली. “पण इथंच काहून? डोंगा आपल्या घाटासमोर न्या आणि तिथंच गोल गोल फिरवा. तिथं तर कोणी बुडलं नाही. पाहा धरते का.”

डोंगा खाली आला. घाटावरची गर्दी तोंड वासून पाहत राहिली. एक फेरा, दोन, पाच, नऊ. पंचफुला डोळे मिटून बसली होती. चुकलं असेल तर कमरेचा दोर होताच. दहाव्या फेऱ्याला इंजन उचकलं आणि थांबलं, गावच्या अगदी पायरीसमोर.

“आता मंत्र म्हणा, महाराज,” ती म्हणाली. “फक्त झाकणाले हात नका लावू.”

बाबांनी ह्रीं म्हटलं, क्लीं म्हटलं, पाण्यात राख फेकली. टेकचंद हँडल मारून घामाघूम झाला. इंजन गप्प.

“देवाले झाकण लागते का जी?” एक गडी म्हणाला, आणि कोणीतरी हसलं. पहिल्यांदाच.

पंचफुलानं बांधल्या हातांनीच केसांतला आकडा काढला आणि झाकणावरचा शेंदूर खरवडला. वरचा थर ओला, खालचा चिनीमातीसारखा कडक. त्याखाली सुईच्या नाकाएवढं भोक होतं. तिनं आकडा टोचला. सुऽऽस. टेकचंदनं हँडल मारलं, आणि इंजन जे सुरू झालं ते उन्हं उतरेपर्यंत थांबलं नाही.

“हवेचं भोक!” टेकचंदनं कपाळावर हात मारला. “सगळं पाहिलं, देवाच्या शेंदराखाली तेवढं नाही पाहिलं.”

टाकीतून डिझेल उतरलं की तेवढी हवा आत यावी लागते. भोक बुजलं की डिझेल नळीत अडतं आणि इंजन उपाशी मरतं. त्याला लागे वीसेक मिनिटं, आणि वर जाताना वीस मिनिटांवर होता डोह. येताना धारेसोबत डोंगा त्याआधीच घाटाला लागे.

“महाराज,” मारोतरावांनी खरवडलेला शेंदूर हुंगत विचारलं, “मारुतीले आम्ही गोड्या तेलातला शेंदूर लावतो. तुम्ही जवसाच्या तेलात काहून कालवता? ते तर वाळून दगड होते.”

बाबांनी चिमटा काखेला मारला. डोंगा टेकायच्या आतच ते गुडघाभर पाण्यात उतरले आणि चालू लागले. पुढे कळलं, आधी ते कुठंतरी ट्रॅक्टरवर क्लीनर होते, टाकीचं भोक त्यांना पक्कं ठाऊक होतं.

शकुनबाई सुनेच्या हातांचा दोरा सोडू लागली. गाठ सुटेना. “म्हणजे माहा भोजराज नाही आला?” ती हळूच म्हणाली.

“तो नाही येत, माय. मी येतो ना घरी, तुमच्यासंगं.”

म्हातारीनं दातांनी गाठ तोडली.

बाया-बापूहो, त्या दिवशी एक बाई वाचली ती तिला तेलाचा डबा ठाऊक होता म्हणून. दर वेळी असं जमून येत नाही. ज्यांना काहीच ठाऊक नव्हतं त्या किती बाया नदीनं नेल्या, कोण जाणे. भीती वाटली तर वाटू द्या. घाटावरचे सगळेच भ्याले होते. पण भीती वाटली म्हणून माणसाच्या कमरेला दगड बांधू नका. आधी विचारा, तेच दुसऱ्या जागी करून पाहा, आणि जो पाहू देत नाही त्याच्यावर पहिला संशय घ्या.