भिंतीपलीकडचा समुद्र

"काकू, भिंतीला हात नका लावू. रंग ओला आहे," दलाल घाईघाईने म्हणाला. मी पुढे केलेला हात मागे घेतला.

तेवढ्यात ह्यांनी ओठांवर बोट ठेवून आम्हा दोघांनाही गप्प केलं. मागच्या खोलीच्या मधोमध डोळे मिटून हे उभे होते. भिंतीपलीकडून एक जाड, सलग आवाज येत होता. थांबत नव्हता, चढत नव्हता, उतरत नव्हता.

"ऐकलंस?" हे म्हणाले. "समुद्र!"

दलालाने छताकडे पाहिलं. एक थाप त्याने मारली होती. दुसरी मारायची त्याच्यावर वेळच आली नाही, ती ह्यांनी स्वतःच मारून घेतली.

आम्ही डोंगरावरची माणसं. साठी जवळ येईपर्यंत आम्ही समुद्र पाहिला तो कॅलेंडरवर. आदल्या दिवशी एकदा किनाऱ्यावर जाऊन आलो होतो. तिथे लाट यायची, फुटायची, परत जायची. हा आवाज तसा नव्हता. मी तसं म्हटलंही. पण ह्यांच्याकडे उत्तर तयार होतं. "अगं, जवळून लाटा मोजता येतात. लांबून सगळ्यांचा मिळून एकच सूर होतो. डोंगरावरून बाजार कसा ऐकू यायचा? शब्द कळायचे का?"

मला पटलं. चौतीस वर्षं हवामान केंद्रात काढलेल्या माणसाशी हवेवरून कोण वाद घालणार?

ह्यांचं काम लोकांना फार कधी कळलं नाही. केंद्राच्या आवारात चार पायांवर उभी एक पांढरी जाळीदार पेटी होती. सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला ती उघडायची, पारा वाचायचा, वहीत लिहायचा आणि पेटी लावून घ्यायची. धुकं असो, गारा असोत, घरात लेकीला बघायला पाहुणे आलेले असोत, आठ म्हणजे आठ. गावात ह्यांना सगळे 'पारासाहेब' म्हणत. थंडी ह्यांना मानवायची. पाणी गोठलं की ह्यांच्या चालण्यात तोरा यायचा, जणू ती थंडी ह्यांनीच मागवून आणली होती.

मला मात्र त्या थंडीने हरवलं. मी शिंप्यांसाठी काजं करायची. कोटाचं काज हाताने करणारी त्या गावात मी एकटी, आणि मला त्याचा गर्व होता. मशीनचं काज धुण्यात उसवतं. माझं काज कापड फाटलं तरी राहायचं. पण पन्नाशीनंतर बोटं आखडायला लागली. आधी सकाळची, मग दिवसभर. शेवटी शेवटी सुई बोटात आहे की खाली पडली, हे बघितल्याशिवाय कळेना. डॉक्टर म्हणाले, "औषधाने थोडं होईल. खरं औषध ऊब. जमत असेल तर खाली समुद्रकाठी राहायला जा."

ह्यांना निवृत्त होऊन तेव्हा महिनाच झाला होता. त्या संध्याकाळी हे नुसते खिडकीशी बसून होते. मग म्हणाले, "जाऊ या."

"तुम्हाला उकाडा सोसत नाही," मी म्हटलं. "लेकीच्या लग्नात मांडवात चक्कर येऊन पडला होतात."

"तो उकाड्याने नाही, खर्चाने."

हसलो दोघंही. पण मला ठाऊक होतं. गरम हवेत ह्यांना धाप लागायची, अंगावर लाल चट्टे उठायचे. माझ्या बोटांना ऊब हवी आणि ह्यांच्या जिवाला गारवा. एकाचं औषध ते दुसऱ्याचं दुखणं. आड की विहीर, एवढंच काय ते आम्हाला ठरवायचं होतं.

म्हणून मग ह्यांनी ते आपल्या पद्धतीने ठरवायला घेतलं. आम्ही आठ दिवस धर्मशाळेत उतरलो आणि घरं पाहायला लागलो. ह्यांच्या एका पिशवीत दोन तापमापकं, एक खिळा, एक हातोडी आणि वही. नियम असा की भाडं पेन्शनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाता कामा नये, आणि दुपारी दोनला आतल्या भिंतीवर, सावलीत, जमिनीपासून चार फुटांवर पारा किती ते बघायचं. लोक घर बघताना नळ उघडून बघतात, हे खिळा ठोकायला परवानगी मागायचे.

पहिलं घर अगदी वाळूला लागून होतं. वारा असा की ह्यांची वही दोनदा उडाली. पारा एकोणतीस. ह्यांचा चेहरा उजळला, मग भाडं ऐकून पुन्हा पडला. निम्मी पेन्शन त्या वाऱ्यालाच गेली असती. "वारा फुकट असतो असं आम्ही समजत होतो," हे मालकाला म्हणाले. मालक म्हणाला, "वारा फुकटच आहे, काका. भाडं खिडकीचं."

दुसरं घर तिसऱ्या मजल्यावर, वर पत्रा. भाडं इतकं कमी की मी आधी जिना चढायला लागले. आत पाऊल टाकलं आणि भट्टीचं दार उघडल्यासारखं झालं. मी तिथेच खिडकीत बसले, आणि थोड्या वेळाने पाहते तर माझी मूठ उघडली होती. सगळी बोटं सरळ! दोन वर्षांत ती तशी झाली नव्हती. मी ह्यांना दाखवायला वळले. हे भिंतीला टेकून उभे होते, कान लालभडक, ओठ कोरडे.

"एकोणचाळीस," हे म्हणाले. "बोटं बघू? वा! घेऊन टाकू या हे."

मी मूठ मिटून घेतली. "छे, जिना किती आहे. माझ्या गुडघ्यांना नाही झेपणार."

जिना चढताना मी पुढे होते, हे ह्यांच्या लक्षात आलं असणारच. ह्यांनी खिळा उपटून पिशवीत टाकला.

आणि तिसरं हे. दोन खोल्या, एकामागे एक. पुढची पश्चिमेला तोंड करून, मागची आत, बिनखिडकीची, वर फक्त एक झरोका. आम्ही दोन दिवस तापमापक मागच्या खोलीत टांगून ठेवलं. बाहेर छत्तीस, आत तेवीस. ह्यांनी काच पुसली, चष्मा पुसला, दुसरं तापमापक लावलं. तेवीस.

"हे घर नाही, चमत्कार आहे," हे म्हणाले आणि वहीत दोन पानं भरून लिहिलं: समुद्रावरचे वारे, उंच भिंत, झरोक्यातून वर जाणारी गरम हवा. बाणसुद्धा काढले. भाडं तर पेन्शनच्या पाचव्या हिश्श्याइतकंच होतं.

"एवढं कमी कसं?" मी दलालाला विचारलं.

"आधीच्या लोकांना आवाज आवडत नव्हता, काकू."

"समुद्राचा आवाज आवडत नाही?" हे उसळून म्हणाले. "कसली माणसं असतात एकेक!"

तिथल्या तिथे आगाऊ रक्कम दिली, कागदावर सही केली. माझ्या मनात आलं, गारवा असला तरी इथला गारवा तो, आपल्याकडच्या थंडीसारखा थोडाच असणार. निदान ह्यांना तरी धाप लागणार नाही.

महिन्याभरात सामान घेऊन आलो. मी माझी बैठक मागच्या खोलीत मांडली, कारण पुढच्या खोलीत दुपारी उभं राहवत नव्हतं असं हे म्हणत होते. कोटाचा एक तुकडा घेतला, रेशमी दोरा ओवला आणि काज धरलं. तासाभरात बोटं आखडली. तीच कळ, तीच मूठ. वाटलं, दुखणं डोंगर उतरून आपल्या मागोमाग आलं. आता ते हवेत नाही, आपल्या हाडात आहे.

ह्यांना काय सांगणार? हे खुर्ची टाकून भिंतीशी बसले होते, समुद्र ऐकत. गावात कधी गुणगुणले नाहीत ते हे गुणगुणत होते. मी कापड गुंडाळून शिवणाच्या पेटीत ठेवलं आणि म्हटलं, "आज दमले जरा."

तेवढ्यात दारात शेजारीण उभी. हातात झाकण घातलेलं दुधाचं पातेलं, काखेत अजून एक.

"काकू, मी शेजारची. हे आमचं आणि हे समोरच्या आजींचं. ठेवू का भिंतीला?"

"कुठल्या भिंतीला?"

"मागच्या. आधीच्या वहिनी ठेवू द्यायच्या. उन्हाळ्यात आमच्याकडे दूध सकाळचं संध्याकाळी नासतं हो." बोलता बोलता ती आत शिरलीसुद्धा, आणि वाकून दोन्ही पातेली भिंतीला चिकटवून ठेवली. सरावाचा हात होता तो.

"पण भिंतीला का?" हे खुर्चीतून उठत म्हणाले.

शेजारणीने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. "म्हणजे? तुम्हाला सांगितलं नाही दलालाने? अहो काका, पलीकडे बर्फाचा कारखाना आहे! ह्या भिंतीला लागून त्यांची कोठी. होड्यांना लागतो ना बर्फ, त्याच्या लाद्या इथे रचून ठेवतात."

आवाज तेवढा चालू होता.

मी पुढे होऊन भिंतीवर तळवा ठेवला. रंग कसला ओला! भिंतीला घाम आला होता, आणि ती आमच्या गावच्या पहाटेसारखी गार होती.

"मग... हा समुद्र?" ह्यांनी अगदी हळू विचारलं.

"कुठला?"

"हा. हा आवाज."

"हे होय? हे मशीन! समुद्र कसला, काका? समुद्र बाजाराच्या पलीकडे."

हे खाली बसले. चौतीस वर्षांत वहीत एक आकडा चुकला नव्हता ह्यांचा. वही उघडली, मिटली. मग म्हणाले, "जन्मभर हवा मोजली. आणि शेवटी बर्फाची लादी मोजून त्याला वारा म्हटलं. वर बाणसुद्धा काढले."

त्या बाणांनी मला हसू फुटलं. आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. शेजारीण आधी घाबरली, मग तीही हसायला लागली. ह्यांनी आमच्याकडे रागाने पाहायचा प्रयत्न केला, पण मिशी थरथरली, आणि मग हे असे हसले की डोळ्यांतून पाणी आलं. "बाण!" म्हणायचे आणि पुन्हा हसायचे.

हसण्याचा भर ओसरला तसा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुखणं माझ्या मागे आलं नव्हतं! मीच त्याच्या मांडीला मांडी लावून बसले होते.

मी पेटी उचलली आणि पुढच्या खोलीत गेले. दुपारचे तीन वाजले होते. पश्चिमेचं ऊन खिडकीतून थेट बैठकीवर. हे दारातून ओरडले, "अगं, भाजशील!" मी उन्हात हात पसरून बसले. पाव तास गेला. करंगळी उघडली, मग तिच्या शेजारची. सगळी. मी दोरा ओवला. एका फटक्यात ओवला गेला.

त्या दिवशी मी जे काज केलं ते अजून माझ्याकडे आहे. कोट नाही, नुसता तुकडा.

"अहो," मी पुढच्या खोलीतून आत हाक मारली, "इथे किती आहे बघा बरं."

हे दुसरं तापमापक घेऊन आले, खिळा ठोकला, चार फुटांवर, आणि पळून आत गेले. पाच मिनिटांनी येऊन वाचलं. "अडतीस!" मग आत जाऊन वाचलं. "तेवीस!" उंबरठ्यावर उभे राहून एकदा इकडे, एकदा तिकडे बघितलं.

"आंधळा मागतो एक डोळा..." हे म्हणाले, आणि वाक्य पुरं न करताच ट्रंक उघडून आपला जुना स्वेटर काढला.

लेकीला आमचं पत्र खरं वाटलं नाही. ती स्वतः बघायला आली. आई पुढे घामाघूम होऊन काजं करते आहे, बाबा मागे स्वेटर घालून पेपर वाचताहेत, भिंतीला सात घरांची सात पातेली.

"बाबा, हे काय चाललंय?"

"दोन गावांत राहतो आम्ही," हे म्हणाले. "भाडं एकाचंच."

संध्याकाळी ऊन उतरलं की आम्ही उंबरठ्यावर दोन खुर्च्या टाकायचो. ह्यांची पाठ गारव्याकडे, माझी उबेकडे. चहा मधल्या स्टुलावर. माझी काजं तिथल्या शिंप्यांना ठाऊक झाली, आणि ह्यांना कारखान्यातली माणसं 'साहेब' म्हणू लागली, कारण कोठीचा पारा चढला की भिंतीच्या अलीकडून हे आधी सांगायचे. मशीन मधेच बंद पडलं की हे ठोठावून ओरडायचे, "अहो, तुमचा समुद्र थांबला!"

अकरा महिन्यांचा करार करून आलो होतो. बावीस वर्षं राहिलो. त्या बावीस वर्षांत ह्यांना एकदाही उकाड्याची धाप लागली नाही. गेले तेसुद्धा सकाळी, आठचा पारा वाचून झाल्यावर, खुर्चीत, स्वेटरमध्ये. त्या दिवशीचे दोन्ही आकडे वहीत आहेत.

त्यानंतर चार वर्षांनी कारखाना बंद झाला. होड्यांवर आता त्यांची त्यांची यंत्रं असतात म्हणे. त्या दिवशी सकाळी जाग आली आणि काहीतरी हरवल्यासारखं वाटलं. मग कळलं, आवाज नाही. मी मागच्या खोलीत जाऊन उभी राहिले. झरोक्यातून काहीतरी ऐकू येत होतं. येत होतं, थांबत होतं, पुन्हा येत होतं. बाजाराच्या पलीकडून. मी बोटांवर मोजलं. अकरा लाटा. लांबूनसुद्धा मोजता येतात, हे ह्यांना सांगायला हवं होतं.

आता शेजारणीकडे फ्रिज आहे. भिंतीचा घाम सुकला, रंग टिकतो. बोटं चांगली आहेत माझी, अजून सुई धरते. सकाळी आठला चष्मा लावून आधी पुढच्या खोलीतला पारा वाचते, मग उंबरठा ओलांडून मागच्या. दोन्हीकडे तोच आकडा असतो. तरी दोन्ही लिहिते.